विंडोज १० वरून ११ वर जाताना अपग्रेड दर वेळी रीस्टार्टनंतर फसतं आणि जुनी विंडोज परत येते. कोड ०एक्ससी१९००१०१ - ०एक्स२००१७. फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट नको, निदान आत्ता तरी नको. तुमचं उत्तर त्या कोडच्या दुसऱ्या भागात आहे, आणि नेमका तोच भाग बहुतेक जण वाचत नाहीत.

पहिला भाग, सी१९००१०१, एवढंच सांगतो की सेटअपने माघार घेतली, आणि कारण बहुधा ड्रायव्हर, म्हणजे एखादं हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, आहे. दुसऱ्यात ०एक्सनंतरचा पहिला आकडा बघा. १ असेल तर चालू विंडोजमध्येच अडलं. २ म्हणजे रीस्टार्टनंतर सेटअप स्वतःची छोटी विंडोज उघडून काम करतो त्या टप्प्यात. ३ आणि ४ हे नवी विंडोज सुरू होतानाचे टप्पे. तुमचा आहे २००१७, म्हणजे ती छोटी विंडोज बूट होतानाच गाडी अडते आहे.

त्यामुळे 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डर (उतरवलेले अपडेट जिथे साठतात तो) उडवा' हा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो इथे कामाचा नाही. तो डाउनलोड अडकलं तर. तुमचं डाउनलोड कधीच पार पडलंय.

संशयित मोजकेच आहेत. प्रिंटर, डॉक, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क, सगळं काढा. कीबोर्ड-माउस राहू द्या. बाहेरून टाकलेला अँटिव्हायरस असेल तर अनइन्स्टॉल करा. नुसता 'डिसेबल' करून भागत नाही, कारण त्याचे ड्रायव्हर सिस्टिममध्ये तसेच बसलेले असतात. मग लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून बायॉस (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) आणि डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर ताजा करा. ड्रायव्हर शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअरं मात्र लांबच ठेवा, ती असलेला गोंधळ वाढवतात. आणि बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. असेल तर तो 'सस्पेंड' करा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. नाहीतर अपग्रेड राहिलं बाजूला, मशीन ती रिकव्हरी की मागत बसेल.

यानंतर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल (अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाइलमध्ये) उतरवा, चालू विंडोजमध्येच डबल क्लिक करून उघडा आणि आतला सेटअप चालवा. सुरुवातीला तो अपडेट उतरवू का विचारतो, तिथे 'नॉट राइट नाऊ' निवडा. फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय टिकलेला आहे ना, हे शेवटच्या स्क्रीनवर डोळ्यांनी बघूनच पुढे जा. बॅकअप घ्यायचा हे सांगायला नकोच.

तरीही फसलं तर अंदाज बंद, लॉग उघडा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात लॉग्ज, त्यात सेटअपडायग नावाचं फोल्डर सापडेल. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून अपग्रेड फसलं की सेटअप हे निदान आपोआप चालवतो. आतली एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडा. कुठल्या नियमात अडलं ते लिहिलेलं असतं, आणि नशीब असेल तर ड्रायव्हरच्या फाइलचं नावही. ते नाव मिळालं की डिव्हाइस मॅनेजरमधून तोच ड्रायव्हर काढून पुन्हा सेटअप लावा.

फाइलमध्ये काहीच हाती लागलं नाही तर त्यातला मजकूर प्रश्नात जोडा, बघून सांगतो.