वाचकांचे प्रश्न : संगणकाच्या झिणझिण्या, फुगलेली बॅटरी आणि तेजाबाची बादली

प्रश्न : आमचा मंगळवार पेठेतील वाडा जुना असून वायरिंगही जुनेच आहे. संगणकाच्या पत्र्याच्या कॅबिनेटला अनवाणी असताना हात लागला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर लावल्यास तो मंद पेटतो. वायरमन म्हणाला, "कॉम्प्युटरला एवढं येतंच." हे खरे आहे काय? तसेच पावसाळ्यापूर्वी आतील धूळ मी स्वतः काढली तर चालेल काय?

उत्तर : वायरमनचे म्हणणे अर्धे खरे आहे. संगणकाला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, अतिशय वेगाने चालू-बंद होत काम करतो. त्यातून निघणारे विजेचे तरंग घरच्या वायरिंगमध्ये शिरू नयेत म्हणून त्याच्या तोंडाशीच दोन लहान कपॅसिटर (वीज तात्पुरती साठवणारे भाग) बसवलेले असतात, एक फेज आणि कॅबिनेट यांच्यामध्ये, तर दुसरा न्यूट्रल आणि कॅबिनेट यांच्यामध्ये. अर्थिंग व्यवस्थित असेल तर त्यांतून झिरपणारा प्रवाह, जो सामान्यतः एक मिलीअँपिअरहूनही कमी असतो, मुकाट्याने जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट या दोन कपॅसिटरांच्या मध्ये अधांतरी राहते आणि त्यावर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब येतो. टेस्टर पेटतो तो त्यामुळेच. एवढ्याशा प्रवाहाने सहसा जीव जात नाही, हे वायरमनचे अर्धे सत्य. उरलेले अर्धे असे की, त्या सॉकेटला चालू अर्थिंग नाही असे या झिणझिण्या सांगत आहेत, आणि ज्या दिवशी आतली एखादी वायर घासून पत्र्याला टेकेल त्या दिवशी त्याच कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट असतील आणि प्रवाह अडवणारा कपॅसिटर मध्ये नसेल.

आता वायरमन पुन्हा येईल तेव्हा सॉकेट उघडून त्याच्याकडून एक गोष्ट अवश्य पाहून घ्यावी. जुन्या घरांमध्ये तीन पिनांच्या सॉकेटमधील वरच्या मोठ्या छिद्राच्या स्क्रूपासून वायरचा एक बोटभर तुकडा काढून तो शेजारच्या न्यूट्रलला जोडलेला मी अनेकदा पाहिला आहे. झिणझिण्या तत्काळ थांबतात आणि गिऱ्हाईकही खूश होते. परंतु पुढे कधी बोर्डाकडे येणारी न्यूट्रल तुटली किंवा नुसती सैल झाली, की फेज संगणकातून फिरून त्या बोटभर तुकड्यावाटे थेट कॅबिनेटवर येते. असा तुकडा आढळल्यास तो काढून टाकेपर्यंत ते सॉकेट वापरू नये. पूर्वी काही जण नळाच्या लोखंडी पाइपला वायर बांधत असत. आता मधला एखादा जोड प्लॅस्टिकचा असला तरी ती वायर निरुपयोगी ठरते.

खरा उपाय खर्चिक असला तरी एकदाच करावा लागतो. परसात खड्डा घेऊन त्यात पाइप किंवा पट्टी पुरून, कोळसा व मीठ भरून अर्थिंग करून घ्यावे आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालत जावे. त्याची पारख वायरमनने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा दिवा लावून करावी. दिवा नेहमीच्या तेजाने पेटला तरच अर्थिंग कामाचे. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नये, कारण गंजलेल्या तारेतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. ही पारख झाल्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

धुळीविषयी. प्लग काढून, कॅबिनेटची बाजू उघडून ब्रश आणि ब्लोअरने धूळ आपण काढू शकता. पंखा मात्र बोटाने धरून ठेवावा. एसएमपीएसचा डबा उघडू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट, काही नव्या प्रकारांत ४०० व्होल्टच्या जवळपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. तो उतरवण्यासाठी ठेवलेला रेझिस्टर जळालेला असला, तर हा काळ कितीही लांबतो. मी नव्याने दुरुस्ती शिकत होतो तेव्हा प्लग काढून चहा पिऊन आलो आणि निर्धास्तपणे बोर्ड हातात घेतला; अंगठा कपॅसिटरच्या दोन पायांवर पडला आणि दुसऱ्या हातातील स्क्रू-ड्रायव्हर समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. आरसीसीबी अशा वेळी काहीच करू शकत नाही, कारण तो प्रवाह घरच्या वायरिंगमधून आलेलाच नसतो.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला आहे. दुकानदार म्हणतो, बॅटरी फुगली आहे, पण चालेल तोवर चालवा. (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : चालवू नये. बॅटरीतील द्रव विघटन पावून वायू तयार झाला आहे. टाचणीने तो सोडण्याचा प्रयत्न केल्यास आतील थर एकमेकांना भिडून आग लागते, आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत दाहक वायू असतो. चार्जर ताबडतोब काढावा, बॅटरी जाणकाराकडून अलगद काढून घ्यावी आणि कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, ई-कचरा संकलकाकडे देईपर्यंत ठेवावी. घंटागाडीत टाकू नये, कारण कचरा दाबला जातो तेव्हा ती पेट घेऊ शकते.

प्रश्न : आमचा चांदीचा पिढीजात व्यवसाय असल्याने तेजाब (नायट्रिक आम्ल) घरात असतेच. व्हिडिओ पाहून मी भंगारातून जुन्या रॅम आणि मदरबोर्ड आणले व त्यांतील सोने काढण्यासाठी दोन किलो माल मागच्या खोलीत बादलीत तेजाबात टाकला आहे. कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, हुपरी)

उत्तर : आपल्याला तेजाबाची सवय आहे, हीच येथे धोक्याची गोष्ट आहे. चांदी गाळताना काय होणार हे आपल्याला ठाऊक असते, कारण माल जवळजवळ एकाच धातूचा असतो. बोर्डात मात्र तांबे, कथिल, शिसे, काचेचे तंतू आणि ब्रोमीनयुक्त राळ असे सगळेच एकत्र असते. रॅमच्या कडेला दिसणारा पिवळा थर बहुधा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड असतो. नुसते तेजाब सोन्याला शिवतही नाही. ते खर्ची पडते तांब्यावर, आणि कथिलाचा पांढरा चिकट गाळ होऊन सगळे गढूळ होते. हा गाळ आपण आतापर्यंत पाहिलाच असेल.

तांब्यावर तेजाब पडताच जो तपकिरी धूर उठतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे कारागीर बसतो जमिनीवरच. घशाला थोडी खवखव होऊन तो विसरला जातो. नंतर कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी साठून धाप लागते. तोंडाला ओला रुमाल बांधणे पुरेसे नाही. कोणी हा धूर ओढला असेल तर बरे वाटत असले तरी त्याला कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि धूर कशाचा होता ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अंगावर शिंतोडे उडाल्यास कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धुवावे.

कायद्याचे म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हे काम नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यांनीच करायचे आहे. उरलेले बोर्ड त्यांनाच विकावेत.

राहिला बादलीचा प्रश्न. ती गटारात ओतू नये, कारण त्यातील तांबे व शिसे शेवटी नदीतच उतरते. त्यात आणखी माल किंवा पाणी टाकू नये आणि झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू साठून ते उडेल. धूर पूर्ण थांबेपर्यंत त्या खोलीत कोणी पाऊल टाकू नये, दारे-खिडक्या मात्र बाहेरून उघड्या ठेवाव्यात. धूर थांबल्यावर बादलीला हात न लावता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला कळवावे आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडून ती उचलून न्यावी.