पहिली डिजिटल गोष्ट करताना

नाशिकच्या गंगेची, म्हणजे गोदावरीची, डिजिटल गोष्ट (आपल्याच आवाजातल्या निवेदनाची छोटी फिल्म) करायची म्हणतेस, तर आधी कॅमेरा बाजूला ठेव. दुतोंड्या मारुतीजवळच्या दुकानदारांकडे, फुलवाल्या मावशींकडे जा आणि नुसतं ऐक. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की काय आवरायचं, कमरेला लागलं की कुणाला हाक मारायची, हे त्यांना तोंडपाठ असतं. ही मूर्ती नाशिककरांची पूरपट्टीच. पण तुझी गोष्ट त्या हाकेत आहे. शेजाऱ्याचा माल आधी उचलून देणं, हेच ते सगळ्यांचं मूल्य. निवेदनात ते सांगू नकोस, माणसांच्या तोंडून येऊ दे.

लांबी दोन-तीन मिनिटं, म्हणजे २५० ते ३०० शब्द. निवेदन घरी, पंखा बंद करून रेकॉर्ड कर. घाटाचे आवाज वेगळे घे.

आणि वारसा म्हणजे सगळ्यांचं एकमत, असं धरू नकोस. याच काठावर पंचवटीत २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्यांच्या घरात ती आठवण आहे, त्यांना हा घाट वेगळा दिसतो. माझ्या पहिल्या गोष्टीत मी त्यांना विचारलंच नव्हतं, ते अजून सलतं. तू विचार. गोष्ट झाली की आधी त्यांनाच दाखव. एखादं वाक्य नको म्हणाले, तर काढून टाक.