शेवटची ओळ

“मॅडम, पोरगी रोज सरायले इचारते. सर बी लगेच उत्तर पाठोतेत. मंग पेपरात नऊच मार्क कायले?”

दारव्ह्याकडचे शेतकरी. कापूस वेचणीचे दिवस, तरी एका दिवसाची मजुरी बुडवून दहावीतल्या मुलीला घेऊन यवतमाळला माझ्याकडे सल्ल्याला आले होते. बीजगणितात ४० पैकी ९. पोरगी ढ तर नाही ना, हा खरा प्रश्न. तो त्यांनी ती पाणी प्यायला बाहेर गेल्यावर विचारला. असं विचारणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात.

पहिल्या भेटीत माझंच चुकलं. “शंका विचारायला लाजू नकोस” असं ठरीव वाक्य बोलून मोकळी झाले. ती लाजत नव्हतीच. उलट पुढच्या पंधरा दिवसांत तिने दुप्पट विचारलं.

दुसऱ्या वेळी मी तिचा मोबाइल आणि वही शेजारी ठेवून पाहिली. प्रत्येक मेसेज एकच: गणिताचा फोटो आणि “सर, हे समजलं नाही.” सरांकडून अख्खं उत्तर. वहीत ते मोत्यासारख्या अक्षरात उतरवलेलं. मी म्हटलं, न बघता एक सोडव. ३ आणि उणे २, खाली २ आणि ५, एवढाच निश्चयक, म्हणजे तिरपे गुणाकार करून पहिल्यातून दुसरा वजा करायचा. तिने लिहिलं, १५ वजा ४, उत्तर ११. खरं उत्तर १९, कारण उणे २ गुणिले २ म्हणजे उणे ४, आणि ते वजा करायचं तर अधिक होतं. निश्चयकांनी समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत तिला येत होती. अडत होतं ते उणे संख्यांच्या वजाबाकीत, आणि ते कोणाला दिसलंच नव्हतं, कारण तिची स्वतःची ओळ सरांपर्यंत कधी गेलीच नव्हती.

सरांशी फोनवर बोलले. बी.एस्सी. झालेला मुलगा, गावात एकटाच सगळे विषय शिकवतो. “चाळीस पोरं आहेत मॅडम. रात्री अकरापर्यंत मेसेज येतात. इतिहासाचं तर मी गाईडमधलंच पाठवतो, खोटं कशाला बोलू.” त्याच्या या बोलण्याचा मला राग आला नाही.

मी त्याला एवढंच सुचवलं की उत्तराआधी “तुझी शेवटची ओळ दाखव” म्हणायचं. गणितात अडलेली पायरी, मराठीत कवितेचा तिने लावलेला अर्थ, मग तो चुकीचा का असेना. भूगोलात आधी नकाशा उघडायचा. जूनमध्ये ब्राझीलच्या दक्षिणेकडे हिवाळा का, हे तिने विचारलं तेव्हा त्याने कबूल केलं, “थांब, मलाही बघू दे.” दोघांनी नकाशावर विषुववृत्त शोधलं. बराचसा ब्राझील त्याच्या खाली. बाकीचं तिनेच सांगितलं. माझ्या मते त्या वर्षातली त्याची सगळ्यात चांगली शिकवणी ती.

जानेवारीत वडिलांचा फोन आला. आवाज काळजीचा.

“मॅडम, आता ते सरायले जास्त इचारतच नाही जी. काई बिघडलं तर नाही ना?”

“तिची वही उघडा बरं. खाडाखोड आहे का?”

पानं उलटल्याचा आवाज आला.

“लय आहे जी. सारं पान भरलं आहे.”

“मग राहू द्या,” मी म्हटलं.