आधी माती उकर, बाबू

बाबू,

तुझ्या मळ्यातल्या मातीत सापडलेल्या अळीचा तू पाठवलेला फोटो काल रात्री झूम करकरून बघितला. पिवळट, सरळ, तारेसारखी कडक अळी, पुढे सहा पाय. हुमणी नाही रे ती, हुमणी पांढरी, मऊ आणि वळलेली असते. ही मला त्या भुंग्याची अळी वाटते, जो उताणा पडला की टक् करून उसळतो आणि सरळ होतो, लहानपणी आम्ही काडेपेटीत ठेवायचो तो. इंग्रजीत या अळीला वायरवर्म म्हणतात.

पण नेटवर वाचून तू थेट ॲग्रिओटिस लिनिएटस नाव लावून मोकळा झालास, ते कशाला? तो भुंगा युरोपचा, 1767 मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने नाव दिलेला, पुढे कॅनडात पोचलेला, बटाटे पोखरणारा. आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, तुझ्या मळ्यात कुठली जात आहे ते फोटोवरून तुलाही कळणार नाही आणि मलाही. दोनचार अळ्या बाटलीत घाल आणि जुन्या गोव्याच्या आयसीएआर केंद्रात, म्हणजे सरकारी शेती-संशोधन केंद्रात, नेऊन दाखव.

आणि दुकानदाराने दिलेली ती दाणेदार औषधाची पिशवी उघडू नकोस. आधी माती उकर. मी नव्हती उकरली. कणगांना, म्हणजे रताळ्यांना, भोकं दिसली आणि मी फोरेट हे दाणेदार कीटकनाशक टाकून मोकळा, ते 2020 च्या शेवटी देशात बंद झालं. दुसऱ्या दिवशी वाफ्यावर गांडुळं मरून पडलेली, आईने ती सुपात गोळा केली, एक शब्द बोलली नाही. नंतर कणगं कापलं तर कडवट वास, आत भुयारं, म्हणजे सोंड्या भुंगा, बहुतेक लावणीच्या वेलांबरोबरच आलेला! तेव्हा मला सांगणारं कोण होतं, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, दुकानदार म्हणेल तेच खरं. पण कुदळ घरातच होती रे.

शेत किती वर्षं पडीक होतं ते तू लिहिलंच नाहीस, तेच तर पहिलं सांगायचं! त्या युरोपातल्या भुंग्याची मादी गवताळ जमिनीत अंडी घालते, अळी चार-पाच वर्षं मातीतच राहते, म्हणून गवत मोडून नवीन काढलेल्या शेतात पहिला मार बसतो. तुझ्याकडे गवत कमरेएवढं होतं ना?

अळ्या किती आहेत ते कळायला आमिष म्हणून बटाट्याच्या जाड फोडी कर, दहा-बारा ठिकाणी चार-पाच बोटं खाली पूर, प्रत्येकीजवळ काठी रोव. पाचसहा दिवसांनी उकरून बघ, फोडीत आणि भोवतालच्या मातीत अळ्या मोज, वहीत लिही. काठी रोवायला विसरलास तर फोडी सापडणार नाहीत, आणि मग मला फोन करू नकोस.

पुढच्या रविवारी मीच येतो कुदळ घेऊन, तोवर पिशवी न उघडता माळ्यावर टाक.