शेजारी देश मुक्त व्यापार गट कसे बनवतात? आसियानला जमलं ते सार्कला का जमत नाही?

व्यापार वाढवायचा म्हणून देश एकत्र येतात, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी भीती असते, व्यापार मागून येतो. मी न्हावा शेवाला आयात मालाच्या क्लिअरन्सचं काम करतो, त्यामुळे आसियानची, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाची, कागदपत्रं रोज हाताखालून जातात. म्हणून तेच उदाहरण घेतो.

१९६७ मध्ये बँकॉकला इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड एकत्र आले. इंडोनेशिया-मलेशिया संघर्ष आदल्याच वर्षी मिटला होता, सिंगापूर मलेशियातून वेगळं होऊन दोन वर्षं झाली होती आणि शेजारी व्हिएतनाम पेटलं होतं. एकमेकांच्या उरावर बसायचं नाही, एवढं जमलं तरी खूप होतं.

जकात सवलतीचा पहिला करार झाला १९७७ मध्ये. याद्या लांबलचक, पण त्यांत चक्क बर्फ हटवायची यंत्रं! विषुववृत्ताजवळच्या देशांत! ज्याचा व्यापारच नाही त्यावर सवलत द्यायला कुणाचं काय जातंय? खपणारा माल प्रत्येकाने गुपचूप वगळलेल्या यादीत टाकला होता. कुठलाही व्यापार करार हातात आला की मी आधी ती यादी उघडतो, प्रस्तावना नंतर.

गाडी हलली ती १९९२ मध्ये. युरोपची एकच बाजारपेठ होऊ घातली होती, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांची बोलणी चालू होती आणि परदेशी पैसा चीनकडे वळेल अशी धास्ती होती. थायलंडचे पंतप्रधान आनंद पन्याराचुन यांनी विषय लावून धरला आणि आफ्टा, म्हणजे आसियानचा मुक्त व्यापार करार, झाला. जकात १५ वर्षांत ० ते ५ टक्क्यांवर आणायची होती. जुन्या सहा सदस्यांसाठी (पहिले पाच आणि नंतर आलेलं ब्रुनेई) ती मुदत नंतर २००२ पर्यंत अलीकडे आणली. (एरवी सरकारी मुदती पुढेच ढकलल्या जातात.)

कारखानदारांचा दबावही होताच. टोयोटाची डिझेल इंजिनं थायलंडमध्ये, गिअरबॉक्स फिलिपिन्समध्ये, स्टिअरिंगचे भाग मलेशियात बनायचे. प्रत्येक सीमेवर जकात भरत गाडी जुळवणं कुणाला परवडणार? तरी मलेशियाने आपल्या प्रोटॉन या मोटार कंपनीसाठी मोटारींवरची जकात अडवून धरलीच, आणि थायलंड त्यावरून चिडलं. तांदूळ तर कित्येक वर्षं संवेदनशील यादीत राहिला.

आसियानने बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच जकात ठेवली नाही, युरोपने ठेवली. सिंगापूरला जवळजवळ जकातच नाही, मग इतरांशी दर जुळवणार कसे? पण दर वेगळे ठेवले की तिसऱ्याचा माल सिंगापूरमार्गे आत घुसणार. म्हणून माल मूळचा कुठला, याचा दाखला लागतो. आफ्टात सर्वसाधारण अट ४० टक्के मूल्य आसियानमधलं असण्याची. भारताचा आसियानशी करार २०१० पासून लागू आहे. त्यात सर्वसाधारणपणे ३५ टक्के मूल्य आणि शिवाय कच्च्या मालाच्या तुलनेत सहा आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) बदललेला असावा लागतो. भारताच्या २०२० च्या सीमाशुल्क नियमांनंतर नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. माल मूळचा तिथलाच कसा ठरतो, त्याची माहिती आयातदाराकडे हवी. तिथे गडबड निघाली की सवलत अडकते आणि कंटेनरवर डेमरेज (बंदरात अडकून पडल्याचा भुर्दंड) चढत राहतं. मुक्त व्यापार म्हणजे कागद कमी, असं समजू नका!

आता सार्क, म्हणजे भारत-पाकिस्तानसह दक्षिण आशियातल्या देशांचा गट. त्यांचा मुक्त व्यापार करार, साफ्टा, २००६ पासून आहे, पण आसियानने आधी आपसातलं भांडण बाजूला ठेवलं आणि मग याद्या केल्या. इथे भांडण तसंच ठेवून याद्या केल्या गेल्या. दक्षिण आशियात बाहेरच्या कुणापेक्षा शेजाऱ्याचीच धास्ती जास्त. पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये, भारताने पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के जकात लावली, आणि सार्कची शिखर परिषद तर २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही.