आधी लहानपणचं सांग

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. ट्रीटमेंटला 17 वर्षं झाली, कॉलेज सुरू झालं, आता दरवर्षी डोळा दाखवायला कशाला जायचं, असं विचारलंस. मी तुझ्या वयाची असताना हेच म्हणायचे. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे आपल्याला लहानपणी झालेला डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, परत आलाच तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, एवढ्या उशिरा क्वचितच, हे खरंय. पण तुझ्यामाझ्यासारख्यांचा जो डोळा काढला नाही, केमो-लेझर करून वाचवला, त्यात जुन्या गाठींच्या खुणा असतात आणि कधीतरी त्यातलीच एखादी परत जागी होते.

माझं सांगते. 21व्या वर्षी डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले, जवळच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी आत सूज आहे म्हणून स्टेरॉइडचे ड्रॉप्स दिले, मी 2 महिने घालत राहिले. खोटा डोळा बघून त्यांनी विचारलं होतं, मी म्हणाले लहानपणी लागलं होतं. लग्नाची बोलणी चालू होती ना, घरात सगळे तेच सांगायचे, मलाही सवय झाली होती. ती सूज नव्हती, गाठीच्या पेशी होत्या, दिसायला दोन्ही सारखंच दिसू शकतं. डोळा वाचला पण नजर निम्मी गेली.

म्हणून कुठल्याही डॉक्टरसमोर बसलीस की पहिलं वाक्य हेच बोल, मला लहानपणी रेटिनोब्लास्टोमा झाला होता. आणि कोणी डोळ्यात सुई घालून पाणी तपासू म्हणालं तर आधी डोळ्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायला लाव, गाठ असेल तर सुईच्या वाटेने पेशी बाहेर पसरू शकतात.

तुझ्या तर दोन्ही डोळ्यांत होतं, म्हणजे आरबी1 जीनमधला बिघाड नुसता डोळ्यात नाही, अंगात आहे. हाडाचा, स्नायूंचा, त्वचेचा कॅन्सर व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त, रेडिएशन दिलेल्या जागी तर अजूनच. गुडघा रात्री दुखतोय, महिना झाला तरी थांबत नाही, तर बाम चोळत बसू नकोस. सीटी स्कॅन लिहून दिला तर एमआरआयवर भागेल का विचार, सीटीत रेडिएशन असतं, एमआरआयमध्ये नसतं. सिगरेट नकोच. मूल झालं तर त्याला हा जीन जायची शक्यता 50 टक्के, पण जन्मल्यापासून तपासत राहिलं तर गाठ बारीक असतानाच सापडते, घाबरू नको, त्यावर निवांत बोलू.

परळला टाटामध्ये लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी वेगळं एसीटी (आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी, म्हणजे ट्रीटमेंट संपल्यानंतरचं) क्लिनिक आहे. दिवाळीला घरी गेलीस की आईकडून जुनी फाइल घे, सगळ्या पानांचे फोटो काढून मला पाठव. एकटीने जायचं नसेल तर सांग, मी येते बरोबर.

तुझी ताई