देवमासे पाहायचे कुठून?

प्रश्न : जुलैमध्ये आईला घेऊन आम्ही अलास्काच्या क्रूझवर जाणार आहोत. देवमासे जहाजाच्या बाल्कनीतूनच दिसतात असे ऐकले. मग वाटेतल्या जूनो बंदरात वेगळ्या बोटीचा खर्च करावा का? आईचे गुडघे दुखतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : बाल्कनीतून दिसतात हे खरे, पण बहुधा दिसतो तो दूरवर उडालेला पांढरा फवारा, आणि दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत जहाज पुढे गेलेले असते, कारण ते देवमाशासाठी थांबत नाही. म्हणून जूनोचा खर्च जरूर करावा. हवाईजवळच्या उबदार पाण्यात हिवाळा काढून हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात पोट भरायला इथे येतात. जूनोजवळच्या ऑक बे येथून सुटणारी बोट त्यांच्याजवळ थांबते, अर्थात नियमाप्रमाणे सुमारे ९० मीटर अंतर राखूनच; तरी श्वासाचा फुस्कारा स्पष्ट ऐकू येतो, पाठीची कमान वर येते आणि खोल बुडी मारताना पाणी निथळणारी शेपटी दिसते.

सहा जणांची लहान बोट मोहक वाटते, परंतु आईंसाठी बंदिस्त, उबदार केबिन आणि स्वच्छतागृह असलेली मोठी बोटच निवडावी. जहाजामार्फत न घेता बाहेरून ठरवलेल्या बोटी काहीशा स्वस्त पडतात. मात्र परतायला उशीर झाला तर जहाज थांबण्याची हमी सहसा जहाजामार्फत घेतलेल्या सहलीलाच असते. जुलै असला तरी वाऱ्या-पावसासाठी स्वेटर आणि रेनकोट हवाच.